आधार कंडक्टर आणि तोतारामची पहिली धार

एसटीच्या चोपडा डेपोत मी ड्रायव्हर होतो आणि आधार बैसाणे माझा कंडक्टर. ऐंशी सालच्या आगेमागे तो नोकरीला लागला. धुळे, जळगाव, पारोळा असे आमचे फेरे असायचे. किडमिडीत अंगाचा, लांब बोटांचा माणूस. तिकिटाला चिमटा मारता मारता तो उतारूंना विचारायचा, "आज घरी काय केलं होतं हो?" बायका हसायच्या. एखादी खरंच सांगायची, आणि मग गाडीत पुढच्या थांब्यापर्यंत आमटीत गूळ घालावा की नाही यावर चर्चा चालायची.

त्याचं गाव भडगावकडचं, गिरणेच्या काठचं. गावच्या हॉटेलात त्याचे वडील चहा घ्यायचे ते बाहेर, ओट्याखाली उभं राहून. बौद्ध वस्तीतल्या माणसांची कपबशी वेगळी, वळचणीला खोचलेली असायची; पिऊन झाल्यावर आपली आपण विसळून परत खोचायची. आधारने लहानपणी हे रोज पाहिलेलं. नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराच्या दिवशी तो धुळ्याच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात शिरला आणि मधल्या टेबलावर, पंख्याखाली बसला.

"नाना," त्याने मला नंतर सांगितलं, "वेटरने पाणी आणून ठेवलं. शेवभाजी आणली. आणि जेवण झाल्यावर माझं उष्टं ताट तो उचलून घेऊन गेला. शेवभाजीपेक्षा मला तेच गोड लागलं."

पण नुसतं तेवढंच नव्हतं. जीभच तशी होती त्याची. हिरव्या वांग्याचं भरीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलंय की कोळशावर, हे तो पहिल्या घासाला ओळखायचा. पारोळ्याला एक म्हातारी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची, तिने एकदा पिठात उडीद कमी टाकले तर हा म्हणाला, "अक्का, आज उडदाचा भाव वाढला वाटतं." म्हातारी लाजली आणि दुसरी भाकर तुपाची दिली. घरी द्रौपदाबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, स्वयंपाकात मात्र तो कधी खोट काढायचा नाही. सुट्टीच्या दिवशी स्वतः चुलीपुढे बसायचा आणि तिला म्हणायचा, "तू आज पाटावर बस. मी वाढतो."

धुळ्याच्या आग्रा रोडवर अभयकुमार नावाचे एक मारवाडी गृहस्थ छापखाना चालवायचे आणि आठवड्याचा पेपर काढायचे. एकदा ते आमच्या गाडीत बसले. आधार कुणाला तरी सांगत होता की खापरावरचे मांडे हातावर कसे वाढवतात. अभयकुमारांनी कान दिला आणि उतरताना म्हणाले, "बैसाणेभाऊ, हे जसं बोललात तसंच लिहून द्या."

त्याने दिलं. सदराला नाव ठेवलं 'थांबा'. कुठल्या स्टँडवर उतरून काय खायचं, कुणाच्या हातचं खायचं, कुठे फसू नये, असं तो लिहायचा. दुपारी गाडी उभी असली की शेवटच्या बाकावर बसून, मांडीवर कागद ठेवून लिहीत राहायचा. अभयकुमार जैन, कांदासुद्धा खायचे नाहीत. पण म्हणायचे, "तुमचं मटण वाचून होतं माझं आणि पाप काही लागत नाही." खाली आधार बैसाणे असं पुरतं नाव छापून यायचं. तो आग्रहच होता त्याचा. आणि ज्याच्या हातचं खाल्लं त्याचंही पुरतं नाव तो लिहायचा. नाव सोडून नुसतं 'एका बाईने' असं त्याने कधी लिहिलं नाही.

अठ्ठ्याऐंशी साली आम्हाला मुक्कामी गाडी लागली. संध्याकाळी चोपड्याहून निघायची, सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर थांबायची आणि सकाळी माणसं घेऊन परत. त्या पाड्यावर तोताराम पावरा राहायचा. त्याची बायको तानुबाई. पहिल्याच दिवशी तोताराम गाडीपाशी आला आणि म्हणाला, "इथं हॉटेल नाही. घरी चला." दिवस मावळायच्या आत आम्ही त्याच्या अंगणात जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, उडदाची घट्ट डाळ, पाट्यावर वाटलेली लाल मिरची आणि निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी. आधारने पहिला घास घेतला आणि डोळे मिटून बसून राहिला.

जेवणाआधी तोतारामने पळसाच्या पानाच्या द्रोणात मोहाची दारू दिली होती. चैत्रात मोहाची फुलं गळतात. ती वेचून, वाळवून, मडक्यात आंबवून तो घरापुरती गाळायचा. लग्नाकार्याला, सणाला, आलेल्या पाहुण्याला. पिण्याआधी दोन थेंब जमिनीवर टाकायचा. ही पहिल्या धारेची, म्हणाला. मी गाडी चालवणारा माणूस, मी हात लावला नाही. आधारसुद्धा पिणारा नव्हता. पण त्याने तो द्रोण चहासारखा घोट घोट घेतला आणि मला म्हणाला, "नाना, आधी धूर लागतो, मग फूल लागतं, आणि गिळल्यावर जिभेवर मनुका ठेवल्यासारखं वाटतं. याला दारू म्हणणं म्हणजे शिवी आहे."

परतीच्या वाटेवर त्याने सांगितलं, की मी यावर लिहिणार.

मी म्हटलं, "जेवणावर लिही. दारूवर नको. आणि नाव तर मुळीच टाकू नकोस. घरी गाळायला सरकारची बंदी आहे."

"नाव टाकलं नाही तर कौतुक कसलं?" तो एकदम चिडला. "शहरातल्या मिठाईवाल्याचं नाव पाटीवर असतं. आपल्यासारख्यांच्या हातची चव आजवर कुणी नावाने सांगितली? तोताराम काय चोरी करतो?"

त्याने तोतारामला विचारलं, हे खरं. तोताराम वाचता न येणारा माणूस. पेपरात नाव येणार म्हटल्यावर तो हसला आणि तानुबाईला हाक मारून सांगितलं. ती आतूनच काहीतरी बोलली. काय बोलली ते तोतारामने आम्हाला सांगितलं नाही.

लेख छापून आला. 'थांबा' सदरातला तो सगळ्यात सुंदर लेख होता, हे मी आजही म्हणेन. धूर, फूल, मनुका, सगळं त्यात होतं. पाड्याचं नाव, तोतारामचं नाव. आणि शेवटी, लेख डौलात संपवायचा म्हणून, त्याने एक वाक्य लिहिलं: 'परतताना तोतारामच्या हातावर काहीतरी ठेवा, कारण फुकटची चव अंगी लागत नाही.'

लोक जायला लागले. आधी चोपड्याची दोन-चार हौशी मंडळी मोटारसायकलवर गेली. मग अमळनेरची, मग धुळ्याची. तोताराम पहिल्यांदा खूश होता. तानुबाई कोंबड्या भाजून भाजून थकायची. पावसाळा तोंडावर आला तेव्हा त्याची फुलं संपली. मोहाचं झाड काही पेपर वाचून जास्त फुलत नाही.

तेव्हा जीवराम आला. जंगलात तेंदूपानाचा ठेका घेणारा माणूस, स्वतःची जीप असलेला. त्याने तोतारामला सांगितलं, नाव तुझं, माल मी पुरवतो. पाड्याच्या खाली, डांबरी रस्त्याला त्याने पत्र्याचं शेड टाकलं. पिंपं यायला लागली. त्यात काय होतं ते तोतारामला माहीत नव्हतं. वरून मोहाचा वास यावा एवढं त्यात घातलेलं असायचं. शेडवर बसणारा माणूस जीवरामचा, पण गिऱ्हाईक विचारायचं, "तोतारामची आहे ना?" आणि तो म्हणायचा, "त्याचीच. पेपरात आलेली."

पोळ्यानंतर एकदा आम्ही मुक्कामाला गेलो तर तोतारामने द्रोण आणला नाही. नुसतं पाणी दिलं.

"आता इथं पिऊ नको, भाऊ," तो आधारला म्हणाला. "माझी नाही ती."

"मग बंद कर. सांग त्याला."

"सांगितलं. तो म्हणाला, तुझं नाव पेपरात आहे, माझं नाही. पोलीस आले तर कुणाकडे येतील?"

आधार त्या दिवशी नीट जेवला नाही. पुढच्या धुळे फेरीला तो अभयकुमारांकडे गेला. मीही बरोबर होतो. त्याने नवा लेख लिहून नेला होता: शेडमधली दारू तोतारामची नाही, कुणी जाऊ नये. अभयकुमारांनी तो दोनदा वाचला.

"लिहिलंय बरोबर," ते म्हणाले. "पण दिवाळी अंक छपाईला आहे, बैसाणेभाऊ. मशीन मोकळं नाही. आणि यात एका माणसावर आरोप आहे, वकिलाला दाखवावं लागेल. दिवाळी झाली की पहिला हाच घेतो."

माणूस वाईट नव्हता. त्यांच्या टेबलावर खरोखरच अंकाच्या फर्म्यांची रास पडली होती. आधार उठला. जिना उतरताना मला म्हणाला, "दिवाळी किती लांब आहे, नाना?" मी म्हटलं, "आली की आता."

त्याचा धाकटा भाऊ पितांबर. भडगावकडून तो मजुरांच्या टोळीबरोबर चोपड्याला केळीच्या भरणीला आला होता. बागेतून घड तोडायचे, डोक्यावरून आणायचे, ट्रकमध्ये रचायचे. दणकट गडी, तिशीतला, लग्न व्हायचं होतं. भावाचा त्याला भारी अभिमान. टोळीतल्या सगळ्यांना तो सांगायचा की माझा भाऊ पेपरात लिहितो, त्याने लिहिलं म्हणून तोताराम एवढा मोठा झाला. दिवाळीच्या आधी काम आटोपलं. टोळीने ठरवलं, गावाला जायच्या आधी पितांबरच्या भावाची दारू पिऊन पाहू. 'पितांबरच्या भावाची.' तोपर्यंत तिचं असं नाव पडलं होतं.

आधारला यातलं काही ठाऊक नव्हतं. पितांबर टोळीबरोबर गावाला गेला असेल असं तो धरून चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधारच्या घरी चहाला गेलो होतो. ड्यूटी दुपारची होती. ऊन चांगलं अंगणात आलेलं. तेवढ्यात टोळीतला एक गडी पितांबरला धरून घेऊन आला. पितांबर भिंत चाचपत होता. ओकून ओकून त्याचा सदरा भरलेला. द्रौपदाबाईने धरून त्याला बाजेवर बसवलं. त्याने मान इकडेतिकडे वळवली आणि विचारलं,

"वहिनी, लाईट गयी का?"

दारातून ऊन थेट त्याच्या तोंडावर पडत होतं.

आधार खाली बसला. "पितांबर, माझ्याकडे बघ. कुठे होतास?"

"तुनी दारू पिवाले गयथू, भाऊ," पितांबर म्हणाला. "माले काहीच दिखत नही."

सरकारी दवाखान्यात त्या दिवशी बैलगाड्यांतून, ट्रकमधून माणसं येत होती. टोळीतले बरेचसे गेले. पाड्यावरचेही गेले. दहा-बारा प्रेतं तर मीच पाहिली. डॉक्टरांनी पितांबरचा जीव वाचवला. डोळे गेले ते गेलेच.

पोलिसांनी तोतारामला त्याच्या अंगणातून नेलं. तो पळाला नव्हता. शेड रिकामं होतं. पिंपं, जीप, शेडवरचा माणूस, काहीच उरलं नव्हतं. वाचलेल्या मजुरांना विचारलं, दारू कुणाची? सगळ्यांनी तोतारामचंच नाव सांगितलं, कारण जीवरामचं नाव त्यांनी ऐकलेलंच नव्हतं. तानुबाई जीवरामचं नाव घेऊन ओरडत होती, पण ती आरोपीची बायको. जीवराम त्या दिवशी कामासाठी इंदूरला होता, असं सांगणारी माणसं पुढे आली.

खटला दीड-दोन वर्षांनी उभा राहिला. आधारला साक्षीला बोलावलं. मी त्याच्याबरोबर कोर्टात बसलो होतो. सरकारी वकिलाच्या हातात 'थांबा'चं कात्रण होतं.

"हा लेख तुम्ही लिहिला?"

"हो. पण तो फुलांच्या दारूबद्दल आहे. माणसं मेली ती दारू वेगळी. ती जीवरामची."

"जीवरामने काही मिसळताना तुम्ही पाहिलं?"

"नाही. मला तोतारामने सांगितलं."

"म्हणजे आरोपीने." वकिलाने कात्रण वर धरलं. "आणि हे शेवटचं वाक्य? 'परतताना तोतारामच्या हातावर काहीतरी ठेवा.' म्हणजे आरोपी पैसे घेऊन दारू विकत होता, हे तुम्हाला माहीत होतं."

"साहेब, ते तसं नाही. त्याने माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. ते मी... लिहिताना तसं लिहिलं जातं."

"तुम्ही लिहिलं की नाही?"

"लिहिलं."

तोताराम समोर उभा होता. त्याला मराठी कळत होतं, पण कोर्टाचं मराठी किती कळलं कोण जाणे. तो आधारकडे पाहत होता, आणि ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसंच पाहत होता. मला ते बघवलं नाही. त्याला काही वर्षांची शिक्षा झाली.

अभयकुमारांनी तो दुसरा लेख दिवाळीनंतर छापला होता. तोवर सगळं होऊन गेलं होतं. ते घरी आले, पितांबरपुढे हात जोडून उभे राहिले. त्याला दिसत नव्हतं हे त्यांच्या ध्यानात आलं, तसे ते खाली बसले आणि त्याच्या पायाला हात लावला. आधार आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. 'थांबा' तिथेच बंद पडलं.

पितांबर भावाच्या घरीच राहिला. आंधळ्याला मुलगी कोण देणार? एकदा माझ्यादेखत तो आधारला म्हणाला, "भाऊ, मी तुनामुये नही गऊ. माले प्यावानी व्हती, म्हनीसन गऊ. तू जीवले लाई लेऊ नको." दोष तुझा नाही, मला प्यायची होती म्हणून गेलो, असं तो मनापासून सांगत होता. आधारने त्याच्या ताटातली भाकर कुस्करून डाळीत कालवली आणि ताट त्याच्या हाताशी सरकवलं.

तानुबाईकडे तो महिन्या-दोन महिन्यांनी ज्वारी, डाळ घेऊन जायचा. ती पोतं उतरवून घ्यायची. बस म्हणायची नाही. पाड्यावरच्या माणसांनी तिला जवळजवळ वाळीत टाकलं होतं, कारण ज्यांची माणसं मेली त्यांनाही एकच नाव माहीत होतं. पुढे ती माहेरच्या डोंगरात निघून गेली, आणि आधार पोतं घेऊन गेला तेव्हा दाराला काटे लावलेले होते.

तोताराम सुटून आला तो खोकत. त्र्याण्णव साल असेल. आम्हाला कळलं तसे आम्ही गेलो. सरळ गाडीतून उतरून त्याच्या अंगणात. घराचं छप्पर अर्धं बसलं होतं. त्याने आम्हाला ओळखलं, पाण्याचा तांब्या आणून दिला.

आधारने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "तोताराम, मी नाव टाकायला नको होतं."

तोताराम उंबऱ्यावर टेकला. खोकला. "तुला चव आवडली होती," तो म्हणाला. "खोटं नव्हतं लिहिलं." मग, "आत, जेलात, सगळे मला दारूवाला म्हणायचे. मी दारूवाला नव्हतो, भाऊ. माझ्याकडे पाहुणे यायचे."

आधारने त्याला तालुक्याला दवाखान्यात चल म्हटलं. तो आला नाही. तानुबाईला शोधायला जाणार होता, पाऊस उघडला की. पाऊस उघडायच्या आत तो गेला. पाड्यावरच्या लोकांनी खांदा दिला, एवढं तरी झालं.

जीवराम पुढे ग्रामपंचायतीत निवडून आला. त्याबद्दल सांगण्यासारखं आणखी काही नाही.

आधारने बदली मागून जळगाव डेपो घेतला, मुक्कामी गाडी नको असा अर्ज करून. कुठल्याही हॉटेलात त्याने परत पाय ठेवला नाही. दुपारचा डबा तो स्टँडवर गाडीतच उघडायचा आणि औषध घ्यावं तसा संपवायचा. उतारूंशी बोलणं बंद झालं. नवे उतारू म्हणायचे, कंडक्टर तुसडा आहे. द्रौपदाबाईने मला एकदा रडत विचारलं, "भाऊ, हे आता मिठाचंसुद्धा सांगत नाहीत. मुद्दाम आळणी करून पाहिलं. तसंच जेवले. मी काय करू?" मी म्हटलं, "मीठ घालत जा."

सत्त्याण्णव साली मी निवृत्त झालो. डेपोतल्या पोरांनी भुसावळ रस्त्याला एका शेतात भरीत पार्टी ठेवली. आधार येणार नाही असं मला वाटलं होतं, पण आला. पितांबरला हाताला धरून घेऊन आला. वांगी पऱ्हाटीवर भाजली जात होती. धूर नाकात शिरत होता. पोरांना त्याची जुनी ख्याती ठाऊक होती. त्यांनी पहिलं पान त्याच्यापुढे मांडलं आणि भोवती गोळा झाली. एकाने विचारलं, "बैसाणेदादा, सांगा बरं, कसं झालंय?"

आधारने घास घेतला. चावला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"गरम आहे," तो म्हणाला.

पोरं हसली, त्यांना ती गंमत वाटली. पितांबर हसला नाही. त्याने चाचपत हात पुढे केला आणि भावाच्या गुडघ्यावर ठेवला. आधारने दुसरं पान जवळ ओढलं आणि त्याला भाकर कुस्करून द्यायला लागला.